अर्धी गोळी

अव्वा,

तुला एक नात आहे. सहा वर्षांची. तिचं वजन साडेसतरा किलो. पोरगी दिसते कशी, बोलते कशी ते सोडून आधी वजन सांगतोय म्हणून हसशील. पण हा आकडा मला गेल्याच आठवड्यात कळला आणि तेव्हापासून डोक्यातून हलेना. मी सध्या गुजरातमध्ये मोरबीला असतो, टाइल्सच्या कारखान्यात. भट्टीतून निघालेल्या टाइल्स खोक्यात भरायच्या, खोक्याला पट्टी आवळायची, गाडीत थर लावायचे. कुठल्या मापाचं खोकं किती किलोचं, ते मला कधीही विचार. पण पोरीचं वजन एका माणसानं विचारलं तर मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. बायकोनं नंतर बरोबर टोला दिला, "खोक्याचं वजन तोंडपाठ, आन् पोरीचं न्हाय व्हय?"

आज भट्टी दुरुस्तीला बंद आहे म्हणून सुट्टी. खोलीतली बाकीची पोरं मागच्या मैदानात क्रिकेट खेळताहेत, आरडाओरडा इथपर्यंत ऐकू येतोय. मी वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर लिहायला बसलोय. सातवीनंतर सहीशिवाय काही लिहिलं नाही, त्यामुळं अक्षर तुला लागणार नाही. तुला तसंही वाचायला येत नव्हतं. तू गेलीस त्याला सोळा वर्षं होतील. मामानं सांभाळलं, पण शाळा काही मी सांभाळली नाही. आधी पुण्याला हॉटेलात होतो, मग सोलापुरात चादरीच्या मागावर, मग तमिळनाडूत बोअर मारायच्या गाडीवर, आता हितं. तू म्हणायचीस, ह्याच्या पायाला भिंगरी हाय, ती अजून थांबलेली नाही. घर मात्र आपलं सोलापूरजवळच्या कुंभारीचंच आहे, बिडीवाल्या बायकांना मिळालेलं तेच, दोन खोल्यांचं. तिथं आता माझी बायको आणि पोरगी राहतात. पोरीचं कपाळ तुझ्यासारखं आहे, रुंद. राग आला की तुझ्यासारखीच आधी गप्प बसते.

माझं डोकं दुखायचं, आठवतंय? मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुपारची वेळ. तू दारात बसलीस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तू पानावर पत्र्याचा फर्मा ठेवतेस, कात्री फिरवतेस, कापलेलं पान बोटावर घेतेस, चिमूट भरतेस, वळतेस, दोरा बांधतेस, आणि हे सगळं माझ्याकडं बघत बोलत असताना. मी उंबऱ्यावर डोकं टेकवतो. डोकं दुखतंय का म्हणून तू विचारतेस, "तली नोयाकत्तद?" मैंदर्गीचं कानडी तू फक्त मला बरं नसलं की बोलायचीस, एरवी गल्लीत मराठी. मी मान हलवतो. मग तू सूप बाजूला ठेवतेस. ही मोठी गोष्ट होती, अव्वा. हजार बिड्या पुऱ्या झाल्याशिवाय तू सूप कुणासाठी बाजूला ठेवायची नाहीस, पाव्हणे आले तरी नाही. पण माझं डोकं दुखलं की ठेवायचीस. फळीवरच्या डब्यातून किराणा दुकानातली ती पांढरी गोळी काढायचीस, पान कापायच्या त्याच कात्रीत धरायचीस आणि कट. बरोबर मधोमध. अर्धी मला, अर्धी परत डब्यात. वर साखर जास्त घातलेला चहा आणि एक खारी. मग माझं डोकं तुझ्या मांडीवर, कपाळावर तुझी बोटं, बोटांना तंबाखूचा वास. तो वास कुणाला आवडत नाही. मला अजून कुठं आला की झोप येते.

गल्लीतल्या बायका पोरं घेऊन तुझ्याकडं यायच्या. "अक्का, जरा गोळी कापून द्या की." समोरच्या तेलुगू घरातली, कोपऱ्यावरची, पाण्याच्या टाकीजवळची, सगळ्या. घराघरात कात्री होती, बिडी करणारीच सगळी घरं, पण कापायला तुझ्याकडंच. कारण कारखान्यात माल तपासणारा माणूससुद्धा म्हणायचा की ह्या बाईची बिडी तागडीत घालायला नको, एकीला झाकावी आणि दुसरी काढावी. एक चिमूट कमी नाही, एक जास्त नाही. तू पोराकडं एकदा बघायचीस, दंड चाचपायचीस आणि ठरवायचीस. हा बारका, ह्याला पाव. ही थोराड हाय, हिला अर्धी. "माझ्या बोटाला वजन कळतं," म्हणायचीस आणि त्या सगळ्या मान डोलवायच्या. मला लई भारी वाटायचं. माझी अव्वा म्हणजे डॉक्टरच की.

तर ह्या सगळ्याचं मी काय केलं ते सांगतो.

दोन-तीन महिन्यांपासून पोरगी शाळेतून आली की डोकं धरून बसायला लागली. बायकोनं फोनवर सांगितलं. मी म्हणालो, एवढं काय त्यात, माझंबी दुखायचं. सुट्टीला घरी गेलो तेव्हा हितल्या मेडिकलमधून गोळ्यांची एक पट्टी घेऊन गेलो. साडेसहाशे एमजीची गोळी. आम्ही भट्टीच्या धगीनं डोकं उठलं की तीच खातो. तुझी कात्री अजून घरात आहे, बायको तिच्यानं शेपू चिरते. ती पुसून घेतली, गोळी धरली आणि बायकोला दाखवलं, "बघ, आमची अव्वा अशी कापायची. डोकं दुखलं की अर्धी. वर चहा." पोरगी बघत होती. तिला मजा वाटली. ती म्हणाली, "पप्पा, मी कापू?" मी तिच्या हातात कात्री देऊन, वरून माझा हात धरून कापली. गोळीचा एक तुकडा मोठा झाला, एक लहान. मोठा तिनंच उचलला.

नंतर आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, कधी चारदा अर्धी गोळी सुरू झाली. मी मोरबीला परत आल्यावर फोनवर विचारायचो, "डोकं?" बायको म्हणायची, "दिली की अर्धी." आणि दोघं दुसरं बोलायला लागायचो.

मागच्या आठवड्यात पोरीला ताप आला. बायकोनं जवळच्या सरकारी केंद्रात नेलं, तिथं पातळ औषध दिलं, दिवसातून तीन वेळा. औषध तापाचं. आणि डोकं तर दुखतच होतं, तापात दुखतंच. म्हणून डोक्यासाठी अर्धी गोळी, तीही दिवसातून चार वेळा, कारण मी फोनवर म्हणालो होतो की दुखतंय तोवर देत राहा. ताप वेगळा, डोकं वेगळं, म्हणून औषधं दोन. माझ्या बायकोच्या जागी तू असतीस तर तूही तेच केलं असतंस, मीही तेच केलं असतं. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ताप उतरला होता, पण पोरगी काही खात नव्हती, पोट दुखतंय म्हणत होती, दोनदा उलटी झाली होती आणि डोकं तसंच.

"अर्धीनं भागंना झालंय," बायको म्हणाली. "ह्याच्यापेक्षा पावरची गोळी असली तर नाव इचारून सांगा. हितल्या मेडिकलमधनं आणती."

माझी पाळी दुपारची होती. कारखान्याच्या फाटकासमोर एक मेडिकल आहे, एक वयस्क काका बसतात, गुजराती. मी म्हणालो, डोकेदुखीची कडक गोळी सांगा. ते पट्टी काढायला वळले आणि वळता वळता त्यांनी विचारलं, "आप के लिए?" मी म्हणालो, "नहीं, बच्ची के लिए." ते थांबले. पट्टी परत खणात ठेवली. "वजन कितना है बच्ची का?"

मी काय सांगू? हातानं उंची दाखवली. कमरेएवढी. काका हसले नाहीत. म्हणाले, लहान मुलाचं औषध वयावर नाही, उंचीवर नाही, वजनावर असतं. आणि आतापर्यंत काय काय दिलंय ते सांग. मी म्हणालो, अर्धी गोळी आणि तापाचं औषध. कुठली गोळी? कुठलं औषध? मला नावं येत नव्हती. ते म्हणाले, फोन लाव, बायकोला दोन्ही हातात घेऊन वाचायला सांग.

बायको माझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावून वाचते. तिनं आधी गोळीच्या पट्टीवरचं वाचलं, अडखळत. पॅ-रा-सि-टा-मॉल. मग बाटली घेतली. मी म्हणालो, "वाच की." ती म्हणाली, "अवो, तेच लिवलंय की हितंबी."

काकांनी माझ्या हातातून फोनच घेतला. किती वेळा गोळी, किती वेळा औषध, किती चमचे, चमचा कुठला. बायकोनं सांगितलं, बाटलीचं मापाचं टोपण हरवलं म्हणून पोह्याच्या चमच्यानं. काका कागदावर आकडे मांडत गेले. मला ते आकडे काही कळले नाहीत, पण त्यांचा चेहरा कळला. म्हणाले, बेटा, दोन्ही एकच औषध आहे. ताप त्यानंच उतरतो, डोकंही त्यानंच राहतं. दोन नावांनी एकच दिलंय, आणि तिच्या मानानं लई जास्त झालंय. आता एक थेंबसुद्धा देऊ नका. दुसरी कुठलीही गोळी देऊ नका. आत्ता, ह्या घडीला मोठ्या दवाखान्यात न्या, पट्टी आणि बाटली दोन्ही बरोबर घ्या. ती आता बरी दिसत असली तरी न्या. ह्या औषधाचा त्रास पोटात, लिव्हरमध्ये होतो, आणि तो एक-दोन दिवस बाहेर दिसत नाही.

फोन परत माझ्याकडं आला. बायकोचा आवाज बदलला होता. "तुमीच सांगितलंता की. तुमच्या अव्वा अशीच द्यायच्या म्हनून सांगितलंता का न्हाय? कात्री घिऊन दाखवलंता." ती परत म्हणाली, "बोला की."

मी म्हणालो, "अव्वाचं चुकलं."

असं म्हणालो, अव्वा. मेडिकलसमोर उभं राहून, बाजूनं ट्रक जाताना. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल कुणासमोर एक वाकडा शब्द काढला नव्हता, मामा बोलला तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. आणि तोच मी असं म्हणालो.

बायको शेजारच्या अक्कांना घेऊन रिक्षानं सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेली. मी पाळीवर गेलो, कारण न जाऊन करणार काय? इथून सोलापूर गाठायचं म्हणजे एक दिवस आणि वर. लाइनवर मोबाईल चालत नाही. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, खिशात ठेव, वाजला तर बाजूला जा. मी खोकी भरत होतो. एका खोक्यात चार टाइल्स जायच्या तर मी पाच घालायला बघत होतो. पट्टी आवळताना हाताला कापलं, तेही कळलं नाही. कारखान्याचा एवढा आवाज आणि मी खिशावर हात ठेवून उभा. फोन वाजला नाही तर बरं असं वाटायचं, आणि वाजत का नाही असंही वाटायचं.

संध्याकाळी वाजला. पोरीला पहिल्यांदा काट्यावर उभं केलं होतं. साडेसतरा. मग मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईनं पट्टी आणि बाटली बघितली, कितीला काय दिलं ते तासावारी विचारलं आणि रक्त काढलं. लिव्हरची तपासणी ठीक आली. तरीसुद्धा उद्या परत रक्त बघायचं, तोवर इथंच ठेवायचं, म्हणाल्या. "पर येळेत आनलं म्हणत्यात," बायको म्हणाली आणि मग रडली. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. माझ्यामागं टाइल्स पुढं चालल्या होत्या आणि माझ्या जागी दुसरं कोणीतरी खोकी भरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त परत तपासलं, तेही ठीक आलं. पोरगी दूध-बिस्किट खात होती. बायकोनं व्हिडिओ कॉल लावला. हाताला सुईची पट्टी, आणि तोंडभर बिस्किटाचा चुरा. मला म्हणाली, "पप्पा, मला दोनदा टोचलं आन् मी एकदाच रडले." मग डॉक्टरीणबाई आल्या. वयानं आमच्याएवढ्याच असतील. त्या खाटेवर पोरीजवळ बसल्या आणि आमच्या दोघांना नाही, पोरीलाच विचारलं, "डोकं कधी दुखतं गं तुझं?" "शाळा सुटली की." "सकाळी खाऊन जातेस?" "चहा पिऊन." "आणि शाळेत पाणी किती वेळा पितेस?" पोरगी गप्प. तुझ्यासारखी. बाईंनी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, "शाळेत पाणी पीत न्हाई मी." "का गं?" "पाणी पिलं की जावं लागतंय. आन् तिथं दाराला कडी न्हाय."

सकाळी चहावर जायचं, दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि उन्हातून घरी यायचं. इतके आठवडे आम्ही तिला गोळी कापून दिली आणि एकदा विचारलं नाही.

त्या डॉक्टरीणबाईनं बायकोला सगळं समजावलं आणि बायकोनं ते मला बोटावर मोजत सांगितलं, मी तिच्याच शब्दांत लिहितो. डोकं दुखलं की पहिल्यांदा पाणी, खायला, आन् अंधारात जरा पडू द्यायचं. त्येनं ऱ्हात न्हाय तर औषध, पर पोरांचंच पातळ औषध, वजनावरनं डॉक्टरनं लिवून दिलंय तेवढंच, त्येच्याच मापानं, घरच्या चमच्यानं न्हाय. बाटली बदलली की परत इचारायचं, कारण एका बाटलीत कमी आन् दुसरीत दुप्पट असतंय. दोन डोसांमधी सहा तास. दिवसात चारच्या वर न्हाय. येळ कागदावर लिवायची. सर्दीचं, तापाचं कुठलंबी दुसरं औषध दिताना आत त्येच तर न्हाय ना, ते बघायचं. मोठ्यांची गोळी मोडून द्यायची न्हाय. आठवड्यात दोन-तीन दिसांच्या वर औषध लागाय लागलं तर औषध वाढवायचं न्हाय, पोरीला घिऊन यायचं, कारण सारखं देऊन देऊन औषधानंच डोकं दुखाय लागतंय. आन् मान ताठ झाली, सकाळी उठल्या उठल्या डोकं आन् उलटी असली, झोपेतनं डोक्यानं उठली, डोक्यावर पडली, गुंगीत गेली, डोळ्याला अंधुक दिसाय लागलं, तर घरात काय करत बसायचं न्हाय, पळायचं. "पाठ झालं का?" असं मी विचारलं तर म्हणाली, "तुमीच म्हणून दावा बघू." मी दोन ठिकाणी चुकलो. तिनं परत पहिल्यापासून म्हणायला लावलं.

औषध वाईट नाही म्हणे. मोजून दिलं तर लेकराला आराम देणारं औषध आहे. तुझ्या डब्यातल्या गोळीचंही मी मेडिकलच्या काकांना वर्णन करून विचारलं. ते म्हणाले, त्या काळातल्या तसल्या गोळ्यांत ॲस्पिरिन असायचं, ते तर लहान मुलांना डॉक्टरनं सांगितल्याशिवाय द्यायचंच नसतं. मी एवढ्या अर्ध्या गोळ्या खाऊन उभा आहे, हे माझं नशीब. पण तुझ्या बोटाला तंबाखूचं वजन कळायचं, हे खोटं नव्हतं. लेकराला औषध किती लागतं ते बोटाला कळत नाही, एवढंच.

आता एक गोष्ट राहिली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं, "पण ही अर्धी गोळी सांगितली कुणी?" फोन चालू होता. बायको म्हणाली, "सासूबाईंची पद्धत हाय." बाई म्हणाल्या, "जुनी माणसं असंच करतात. सांगा त्यांना, परत असं करू नका म्हणून." बायको म्हणाली, "त्या न्हाईत आता." बाई ओशाळल्या. आणि मी फोनच्या ह्या टोकाला सगळं ऐकत होतो, अव्वा, आणि गप्प बसलो.

तुला तर ठाऊक आहे मी का गप्प बसलो. मी वरती तेवढंच सोडून सगळं लिहिलं.

समोरच्या घरातली ती बारकी पोरगी. तापात डोकं दुखत होतं म्हणून तिच्या आईनं आणली, तू दंड चाचपलास, पाव गोळी दिलीस, दुसऱ्या दिवशी परत पाव. तिला उलट्या सुरू झाल्या. बिडीवाल्यांच्या दवाखान्यात नेली, तिथं दोन दिवस ठेवली, बरी होऊन आली. पण तिथल्या सिस्टरनं तुला बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. "तुम्हीच का त्या कात्रीवाल्या बाई?" सिस्टर म्हणाल्या. मला वाटलं आता कौतुक करणार. त्यांनी तुला बाकावर बसवून हळू आवाजात सांगितलं, बराच वेळ. तू पदराच्या टोकाला गाठ मारत होतीस आणि सोडत होतीस. घरी आलीस, जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूप मांडीवर घ्यायच्या आधी, माझा हात धरलास आणि गल्लीच्या पहिल्या दारात जाऊन उभी राहिलीस. "माझ्याकडं गोळी कापायला येऊ नगासा. मला येत न्हाय. त्या दवाखान्यात काटा हाय, पोराचं वजन करा, तिथल्या सिस्टर सांगतील तेवढंच द्या." मग दुसरं दार. तीच वाक्यं. तिसऱ्या दारात कुणीतरी हसलं, "का वो अक्का, बोटं म्हातारी झाली का?" तू म्हणालीस, "व्हय, तसंच समजा." समोरच्या घरात, त्या पोरीच्या आईसमोर, तू उभी राहून हात जोडलेस. तिनं तुझे हात खाली केले. बारा दारं होती आपल्या गल्लीत. बाराच्या बारा केलीस.

मला लाज वाटत होती. माझी अव्वा, जिच्या बोटाला वजन कळतं, ती दारोदार मला येत न्हाय म्हणत फिरते. शेवटच्या दारातून परत येताना मी हात सोडवून घेतला आणि म्हणालो, "तुला येतंय की. का खोटं बोलतीस?" तू मारलंस मला. जन्मात एकदाच. मग तिथंच रस्त्यात खाली बसून म्हणालीस, "दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर माझा मान न्हाय पायजे मला. साकु. पुरं झालं." त्याच्यानंतर माझं डोकं दुखलं की तू पाणी द्यायचीस, भाकरी खायला लावायचीस आणि खिडकीला लुगडं बांधून अंधार करायचीस. गोळी नाही, चहा नाही, खारी नाही. मी तोंड फुगवून बसायचो. सूप मात्र तेव्हाही बाजूला ठेवायचीस.

मी बायकोला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. चहा आणि खारीच्या दिवसांचं सांगायला गोड वाटतं, म्हणून तेवढंच सांगत आलो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं की तू शेवटपर्यंत तशीच होतीस. म्हणजे चूक तुझी नव्हती. तू तुझी चूक बारा दारांत जाऊन खोडली होतीस. ती परत मी घरात आणली, आणि पकडला गेल्यावर तुझ्यावर ढकलली, कारण तू काही येऊन सांगणार नव्हतीस.

पोरगी आता बरी आहे. सकाळी भाकरी खाऊन शाळेत जाते. बायको दोन बायकांना घेऊन शाळेत गेली होती, कडी बसवा म्हणून. बसेल. बायकोला हे खरं सांगायचं तेवढं राहिलंय. तुला बारा दारं होती, मला एकच आहे. काल दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "काय वो, मधीच फोन? काय झालं?" आणि दोन्ही वेळा मी, पोरगी जेवली का, एवढंच विचारून ठेवून दिला.